कंपनीचा स्टिरिओ काढून नवा बसवताय? मग गाडीची एकही वायर कापू नका

आधी माझं एक जुनं दुखणं सांगतो, म्हणजे मी कपलरच्या (गाडीच्या वायरींच्या टोकाला असणाऱ्या प्लगच्या) एवढा मागे का लागतो ते कळेल. माझी आधीची गाडी सेकंडहँड होती. आधीच्या मालकाने कुठल्याशा दुकानातून स्टिरिओ बसवून घेतलेला, आणि तिथल्या पोराने गाडीचा ओरिजिनल कपलर सरळ कटरने कापून, वायरी नुसत्या पिळून, वर काळी टेप गुंडाळून दिली होती. दोन उन्हाळे टेपने काढले. तिसऱ्या मे महिन्यात तिचा गोंद वितळला, टेप सुटली, पिवळी वायर डॅशच्या आतल्या लोखंडी पट्टीला टेकली आणि खंबाटकी चढताना फ्यूज उडाला. गाणी बंद झाली ते एक वेळ चाललं असतं, पण त्याच फ्यूजवर गाडीतला आतला दिवा पण होता. रात्रीचे साडेदहा, बायको मोबाईलचा टॉर्च धरून उभी आणि मी उपडा पडून फ्यूज बॉक्स शोधतोय. घरी आल्यावर पॅनेल उघडलं तेव्हा आतमध्ये चार रंगाच्या वायरींचा शेवयांसारखा गुंता निघाला.

त्यामुळे आत्ताच्या वॅगनआरला, २०१४ ची आहे, स्टिरिओ मी स्वतः बसवला. एक शनिवार संध्याकाळ आणि रविवारची सकाळ गेली. आई दर अर्ध्या तासाने गॅलरीतून विचारत होती की गाडी खोलून ठेवलीस आणि उद्या साखरपुड्याला जायचंय ते माहितीय ना. गेलो साखरपुड्याला, गाणी ऐकत गेलो. खाली जे लिहितोय ते बहुतेक साध्या गाड्यांना लागू आहे, जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगतो.

आधी बघा की तुमच्या गाडीत हे करण्यासारखं आहे का

कंपनीचा स्टिरिओ म्हणजे नुसता रेडिओ आणि यूएसबी असेल तर बिनधास्त काढा. पण ज्या गाड्यांत त्याच स्क्रीनवर एसीचं सेटिंग, दरवाजा लॉकचं सेटिंग, ३६० कॅमेरा असलं सगळं आहे तिथे स्क्रीन काढली की तेही जातं, किंवा मग गाडीच्या कॅन बसशी, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर ज्या वायरींवरून एकमेकांशी बोलतात त्यांच्याशी, बोलणारा वेगळा डबा लागतो. असल्या गाडीत मी स्वतः हात घातला नसता. गाडी वॉरंटीत असेल तर अजून एक कारण. वायर कापलेली सर्व्हिस सेंटरला दिसली की पुढे इलेक्ट्रिकची कुठलीही तक्रार घेऊन गेलात तरी बोट तिकडेच जाणार.

दुसरं म्हणजे कोड. काही गाड्यांचे, खासकरून जुन्या होंडा, फोक्सवॅगन, स्कोडा यांचे कंपनी स्टिरिओ बॅटरी काढली की कोड मागतात. गाडीच्या पुस्तकात किंवा सोबतच्या कार्डावर तो असतो. आत्ताच शोधून मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, कारण उद्या गाडी विकताना जुना स्टिरिओ परत बसवायची वेळ आली तर तो लागणार.

काय घ्यायचं

स्टिरिओचा आकार जर्मन मापावरून ठरलाय, त्यालाच डिन म्हणतात. सिंगल डिन म्हणजे साधारण १८० बाय ५० मिलिमीटर, डबल डिन म्हणजे १८० बाय १००. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत जागा २०० मिलिमीटर रुंद असते, तिथे साधा डबल डिन बसवला की दोन्ही बाजूला फट राहते आणि ती झाकायला पट्ट्या मिळतात. सात इंची स्क्रीनवाले युनिट डबल डिनमध्ये बसतात. नऊ आणि दहा इंचीवाल्यांना त्या गाडीची स्पेशल फ्रेम लागते, त्यांचं मागचं खोकं लहान असतं आणि स्क्रीन डॅशच्या तोंडावर येते. फ्रेम घेताना नुसतं मॉडेलचं नाव सांगू नका, वर्ष सांगा. २०१९ नंतरची वॅगनआर आणि त्याआधीची वॅगनआर यांचा डॅश पूर्ण वेगळा आहे, नाव तेवढं एक. पुण्यात फ्रेम आणि कपलर नाना पेठेत मिळतात, जमलं तर जुन्या पॅनेलचा फोटो आणि मागच्या कपलरचा फोटो घेऊन जा, बोलणं वाचतं.

आता अँड्रॉइडवालं घ्यायचं की फोन जोडून चालणारं? यावर माझं मत पक्कं आहे. मला आत अजून एक मोबाईल नकोय, मला माझा मोबाईल समोर मोठा दिसायला हवाय. म्हणून मी कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो (आयफोन आणि अँड्रॉइड फोन गाडीच्या स्क्रीनवर दाखवायची सोय) असलेलं साधं युनिट घेतलं. अँड्रॉइडवाल्यात ऐष आहे हे खरं, पण स्वस्तातल्या डब्यांवर रॅम चार जीबी लिहिलेली असते आणि आत तेवढी असेलच असं नाही, आणि दोन वर्षांनी ते जुन्या फोनसारखे रखडायला लागतात. घेणारच असाल तर दुकानात पूर्ण बंद असलेलं युनिट चालू करून गाणं सुरू व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. आणि कृपा करून आवाजाला खरीखुरी फिरवायची नॉब किंवा निदान बटण असलेलं घ्या. आपल्या रस्त्यांवर खड्ड्यात गाडी आदळताना स्क्रीनवरचं इवलंसं चिन्ह बोटाने नेमकं दाबून दाखवा, मग बोलू.

खोक्यावर ५० वॉट गुणिले ४ असं ठळक लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. हा आकडा येतो कुठून ते सांगतो, गंमत आहे. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात आणि स्पीकर ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग भागिले ४, उत्तर येतं जवळजवळ ५२. म्हणजे अॅम्प्लिफायर पूर्ण फाटून, लाट चौकोनी होऊन, नुसता खरखराट करत असेल तेव्हाची ही पॉवर. स्वच्छ आवाजाचं कागदावरचं टोक त्याच्या निम्मं, २६ च्या आसपास, आणि आतलं नुकसान धरता हातात येतात १५ ते २० वॉट. म्हणून बघायचा तो आरएमएस, म्हणजे सतत मिळणाऱ्या पॉवरचा आकडा. तसंही कंपनीच्या कागदी स्पीकरला तेवढं भरपूर होतं.

सामान

प्लास्टिकच्या ट्रिम पट्ट्या (स्क्रूड्रायव्हरने उचकटलंत तर डॅशवर जन्मभराचा ओरखडा), स्टार स्क्रूड्रायव्हर, १० नंबरचा पाना, वायर सोलायचं हत्यार, सोल्डरिंग गन, हीट श्रिंक नळी (गरम केली की आकसून वायरीला आवळते), केबल टाय, आणि टेप काळी नव्हे, कापडी. आणि मल्टिमीटर. मल्टिमीटर नसेल तर काम सुरूच करू नका. तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला साधा डिजिटल तीन-चारशेच्या आसपास मिळून जातो आणि घरात पुढे दहा कामांना येतो. बल्बवाला टेस्ट लॅम्प वापरू नका, तो करंट ओढतो आणि चुकून एअरबॅगच्या वायरीला लागला तर महागात पडेल.

सोबत स्पीकरमधलं जुनं चुंबक दोरीला बांधून ठेवा. डॅशमध्ये एक तरी स्क्रू पडतोच. माझा पडला, आणि एसीच्या डक्टमागे जाऊन बसला.

गाडीसाठी कपलर, म्हणजे एका टोकाला तुमच्या गाडीच्या सॉकेटमध्ये बसणारा प्लग आणि दुसऱ्या टोकाला सुट्या वायरी, हा वेगळा विकत घ्यायचा. मारुतीचा, ह्युंदाईचा, होंडाचा, टोयोटाचा सगळ्यांचा वेगळा. मला २५० रुपयांना मिळाला. या २५० रुपयांसाठी लोक गाडीची हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, कापतात हे मला अजून पचत नाही.

आदल्या संध्याकाळी टेबलावर

बरेच जण गाडीत वाकून बसून वायरी जोडतात आणि पाठ धरून घेतात. नवीन युनिटची हार्नेस आणि गाडीचा कपलर हे दोन्ही सुटे असतात, ते घरात पंख्याखाली बसून जोडा. पण जोडण्याआधी कुठली वायर काय आहे ते समजून घ्या.

बाजारातल्या बहुतेक युनिटचे रंग ठरलेले आहेत. पिवळी म्हणजे बॅटरीचे कायमचे १२ व्होल्ट, यावर सेटिंग आणि स्टेशनं लक्षात राहतात. लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारे १२ व्होल्ट, एसीसी. काळी म्हणजे अर्थ, गाडीच्या बॉडीला जोडलेली मायनस. केशरी किंवा केशरी-पांढरी हेडलाइट लावल्यावर स्क्रीन मंद करायला. निळी अँटेनाला, निळी-पांढरी बाहेरच्या अॅम्प्लिफायरला चालू हो सांगणारा सिग्नल. स्पीकरचं असं: पांढरी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, आणि प्रत्येकाची काळा पट्टा असलेली जोडीदार ती मायनस. तरी युनिटवरचा स्टिकर वाचा, तो शेवटचा शब्द.

आता महत्त्वाचं. हे रंग युनिटचे झाले. गाडीच्या वायरींचे रंग कंपनी आपल्या मनाने ठरवते, आणि गाडीत पिवळी म्हणजे बॅटरी असं काही नसतं. उलट गाडीत जाड पिवळी नळी किंवा पिवळा कपलर दिसला तर तो एअरबॅगचा, त्याला बोटही लावायचं नाही. आणि विकतच्या कपलरच्या वायरी बरोबर रंगाच्या आहेत असं दुकानदार सांगतो, त्यावरही विश्वास नको. म्हणून मी टेबलावर फक्त स्पीकरच्या वायरी आणि काळी जोडली, लाल, पिवळी आणि केशरी सकाळी गाडीत मोजून झाल्यावर. मोजणीत स्पीकर चुकीचा निघाला तर तो सांधा उलगडायचा, त्याला इलाज नाही.

सांधा असा करा: दोन्ही टोकं सेंटिमीटरभर सोला, हीट श्रिंक आधी एका वायरीत सरकवून ठेवा (हे विसरणार, मी तीनदा विसरलो), पिळा, सोल्डरचा टाका लावा, नळी सरकवून लायटरने गरम करा. सगळे सांधे एकाच जागी घेऊ नका, एक इथे, दुसरा दोन बोटं पुढे, असे तिरपे घ्या, नाहीतर तिथे लाडूएवढी गाठ होते आणि स्टिरिओमागे मावत नाही. ज्या वायरी वापरायच्या नाहीत, उदाहरणार्थ निळी-पांढरी, त्या प्रत्येकीचं टोक वेगवेगळं झाका. सगळ्या मिळून एकत्र गुंडाळू नका.

पॅनेल काढणं

गाडी सपाट जागी, हँडब्रेक वर, चावी काढलेली. बॅटरीची मायनस आधी सोडवा, १० नंबरचा पाना लागतो, आणि टोक बाजूला फडक्यात गुंडाळा म्हणजे परत टेकणार नाही. प्लस आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला लागला की ठिणगी. मायनस सोडवल्यावर चार-पाच मिनिटं थांबा, एअरबॅगच्या युनिटमध्ये थोडा वेळ चार्ज राहतो. तोवर गिअरवर आणि खालच्या प्लास्टिकवर जुना टॉवेल पसरा.

स्टिरिओभोवतीची फ्रेम बहुतेक गाड्यांत नुसत्या क्लिपांवर असते. खालच्या कोपऱ्यातून ट्रिम पट्टी घाला, थोडं उचला, मग पट्टी सरकवत पुढची क्लिप. आवाज असा येतो की वाटतं मोडलं. नाही मोडत. पण जोर लावूनही एक कोपरा सुटत नसेल तर थांबा, तिथे नक्की लपलेला स्क्रू आहे, एसीच्या जाळीत, ड्रॉवरच्या आत किंवा एखाद्या छोट्या झाकणाखाली. थंडीत पहाटे हे काम करू नका, प्लास्टिक कडक असतं. ऊन खाल्लेल्या गाडीत क्लिपा लोण्यासारख्या सुटतात.

फ्रेम सुटली की झटक्यात ओढू नका. मागे हजार्डच्या बटणाची, घड्याळाची किंवा पॅसेंजर एअरबॅगच्या दिव्याची वायर असू शकते. प्रत्येक कपलरवर एक जिभली असते, ती दाबून काढा आणि काढण्याआधी फोटो. एअरबॅगच्या दिव्याचा कपलर सुटा असताना चावी ऑन केली तर स्पीडोमीटरच्या पॅनेलवर एअरबॅगचा लाल दिवा लागून बसतो आणि मग स्कॅनर लावल्याशिवाय जात नाही. म्हणून पुढे मोजायच्या वेळी तो आधी परत लावून घ्या.

मग स्टिरिओचे चार स्क्रू, ते काढले की डबा पुढे येतो. मागे मुख्य कपलर, अँटेनाची जाड काळी केबल, कधी यूएसबीची. काढलेले स्क्रू कुठले कुठले ते वाटीत वेगळे.

मोजणी, याला वेळ द्या

बॅटरीची मायनस परत लावा. गाडीच्या कपलरमध्ये तुम्ही आणलेला कपलर घाला, सुट्या टोकांना एकमेकांपासून लांब फाकवून टेप लावा आणि एकेक उघडून मोजा. मीटर डीसी २० व्होल्टवर, काळा प्रोब एखाद्या रंग नसलेल्या लोखंडी बोल्टवर.

चावी बंद, आणि तरी १२.४ ते १२.७ दाखवते ती कायमची, म्हणजे युनिटच्या पिवळीला. आता चावी पहिल्या टप्प्यावर, आधी शून्य होतं आणि आता १२ आलं ती लालला. हेडलाइट किंवा पार्किंग लाइट लावा, जी जागी झाली ती केशरीला. मग चावी बंद, मायनस परत काढा, मीटर बीपवर टाका, बॉडीशी बीप देते ती अर्थ. कागदावर लिहा. डोक्यात ठेवू नका.

हे दोन उलटे झाले तर काय होतं? पिवळी आणि लाल उलटी झाली तर स्टिरिओ चालतो, पण चावी काढली की स्टेशनं, आवाज, सेटिंग सगळं विसरतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या जुन्या गाड्यांत हे हमखास होतं कारण त्यांच्या आयएसओ प्लगमध्ये (ठरलेल्या मापाचा स्टिरिओचा प्लग) या दोन पिनांच्या जागा नेहमीपेक्षा उलट्या आहेत, म्हणून तयार अॅडॉप्टर लावूनही फसायला होतं. आणि दोन्ही कायमच्या वायरीला लावल्या, जो दुकानातल्या पोरांचा आवडता शॉर्टकट आहे, तर स्टिरिओ कधी झोपतच नाही आणि सकाळी गाडीला धक्का.

स्पीकरसाठी मीटर ओहमवर. प्रत्येक जोडीत साधारण ३ ते ४ ओहम आले पाहिजेत आणि दोन्हीपैकी एकही टोक बॉडीशी बीप देता कामा नये. कुठला स्पीकर ते कळायला घड्याळातला साधा दीड व्होल्टचा सेल घ्या आणि त्या जोडीला क्षणभर टेकवा, टक् असा आवाज ज्या दरवाजातून येईल तो. जाळी काढलेली असेल तर बघा, प्लसला प्लस लागलं की कागद बाहेर येतो. स्टिरिओ जोडलेला असताना मात्र हा प्रयोग अजिबात नाही. आणि लक्षात असू द्या, आजच्या युनिटमध्ये स्पीकरची मायनस म्हणजे अर्थ नव्हे, तिच्यावरही व्होल्टेज असतं. स्पीकरची मायनस बॉडीला किंवा दोन स्पीकरच्या मायनस एकत्र बांधल्या तर आवाज फाटतो आणि पुढे आतली चिप जाते.

बाकीच्या वायरी

अँटेना: जुन्या मारुतीसारख्या गाड्यांत साधा जाड पिनचा प्लग सरळ बसतो, पुष्कळ गाड्यांत छोटं अॅडॉप्टर लागतं. फोक्सवॅगनसारख्या गाड्यांत छतावरच्या अँटेनाच्या बुडाशी छोटा अॅम्प्लिफायर असतो, त्याला युनिटच्या निळ्या वायरीतून १२ व्होल्ट मिळाले नाहीत तर शहरात एफएम लागतं आणि टोलनाका ओलांडला की नुसता खरखराट. लोक स्टिरिओला शिव्या घालतात, दोष निळ्या वायरीचा.

स्टिअरिंगवरची बटणं साध्या गाड्यांत एक-दोन वायरींवर चालतात, प्रत्येक बटण वेगळा रेझिस्टन्स देतं. ती युनिटच्या की-वन, की-टू नावाच्या वायरींना जोडा, सेटिंगमध्ये जाऊन एकेक बटण दाबून शिकवा. सगळ्या बटणांना एकच काम लागलं तर त्या वायरीची अर्थ जोडायची राहिलीय.

माइक मी स्टिअरिंगच्या मागे कॉलमवर लावला. पुष्कळ जण खिडकीजवळच्या खांबात घालतात, पण तिथे पडदा एअरबॅग (खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी) असेल तर वायर तिच्या पुढून नेऊ नका. जीपीएसचा चौकोनी अँटेना डॅशखाली काचेच्या जवळ, वर लोखंडी पट्टी नको, चिकटवायची बाजू खाली. यूएसबीची केबल ग्लोव्हबॉक्समध्ये काढा. बऱ्याच गाड्यांत ग्लोव्हबॉक्स दोन्ही बाजू आत दाबल्या की पूर्ण खाली येतो, मागे हात घालायला ऐसपैस जागा.

रिव्हर्स कॅमेरा म्हणजे तासभर जास्त. त्याची ट्रिगर वायर मागच्या रिव्हर्स लाइटच्या १२ व्होल्टला, व्हिडिओची पिवळी आरसीए केबल दाराच्या पट्टीखालून पुढे, आणि डिकीच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीतून वायर नेताना थोडं ग्रीस लावा नाहीतर घाम फुटेल. चित्र आरशासारखं उलटं येत असेल तर कॅमेऱ्याच्या वायरीवर छोटी लूप असते, ती कापली की सुलट होतं. एवढी एकच वायर या लेखात कापायला परवानगी.

युनिटला हँडब्रेकची एक वायर असते, तिच्यामुळे गाडी चालताना व्हिडिओ दिसत नाही. सगळे ती थेट अर्थला लावून टाकतात. मी नाही लावली. मुलगी मागून कार्टून लाव म्हणते आणि मला सांगता येतं की गाडीच लावू देत नाही.

अर्थ गाडीच्या कपलरमधलीच वापरा. वेगळी घ्यायची असेल तर बोल्टखालचा रंग सँडपेपरने घासून चमकवा. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने बोल्टखाली गंज धरतो, तिथे वर थोडं ग्रीस फासा.

बंद करायच्या आधी सगळं वाजवून बघा

सगळे सांधे झाकले, कपलर लावले, युनिट नुसतं टॉवेलवर ठेवलंय, स्क्रू एकही नाही. आता मायनस लावा आणि चावी फिरवा. मी या घटकेला श्वास रोखून होतो.

बॅलन्स पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, फेडर पुढे-मागे, चारही कोपरे बरोबर वाजतात का. मग बॅलन्स मधोमध आणून एखादा बोलण्याचा कार्यक्रम लावा. आवाज समोरून, मधून यायला हवा. तो पसरट, कुठूनच न आल्यासारखा वाटत असेल आणि ढोलकीतली घुमण गायब असेल तर कुठल्यातरी एका स्पीकरचं प्लस-मायनस उलटं आहे. हे आत्ता सापडलं तर पाच मिनिटांचं काम, नंतर पुन्हा सगळं पॅनेल.

एफएम, ब्लूटूथवर एक कॉल, हेडलाइट लावून स्क्रीन मंद होते का, रिव्हर्स टाकून कॅमेरा, हजार्डचं बटण, एसीची बटणं. इंजिन चालू करून अॅक्सिलरेटर द्या, इंजिनबरोबर चढत जाणारी शिट्टी ऐकू आली तर बहुतेक अर्थ कच्ची आहे. चावी काढा, स्क्रीन बंद झाली पाहिजे.

एवढ्यावर थांबू नका, खासकरून अँड्रॉइडवालं असेल तर. बॅटरीचं मायनस सोडवून मीटर १० अँपिअरवर टाका (लाल प्रोब मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात हलवायचा असतो), मीटर मायनस आणि केबलच्या मध्ये जोडा, दरवाजे लॉक, आणि अर्धा तास वाट बघा. मध्ये चावी फिरवू नका, दार उघडझाप नको, मीटरचा फ्यूज जाईल. शेवटी ५० मिलिअँपिअरच्या आत आलं की निश्चिंत. अर्धा अँपिअर दाखवत असेल तर हिशोब करा, छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासाची, म्हणजे कागदावर ७० तासांत पूर्ण रिकामी आणि स्टार्टर त्याच्या निम्म्या वेळातच मान टाकणार. शुक्रवारी संध्याकाळी लावलेली गाडी सोमवारी सकाळी टक-टक करते ती यामुळेच. अशा युनिटच्या सेटिंगमध्ये झोपण्याची वेळ असते, ती कमी करा, नाहीतर लाल-पिवळी परत तपासा.

बसवणं

मायनस परत काढा. वायरींना कापडी टेप गुंडाळा, म्हणजे खड्ड्यात खडखड वाजणार नाही, आणि जुडगा युनिटच्या मागे न कोंबता खाली किंवा बाजूच्या पोकळीत सोडा. युनिट आत जात नाही म्हणून ढकलू नका, मागे हात घालून बघा, नव्वद टक्के वेळा अँटेनाची केबलच आडवी आलेली असते. साइड ब्रॅकेटला युनिटसोबत आलेलेच स्क्रू लावा, लांब स्क्रू आत घुसून बोर्ड फोडतो. चारही स्क्रू आधी हलके, मग युनिट फ्रेमच्या मधोमध आणून घट्ट.

नंतर कधी फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा लावा, युनिटच्या मागे साधारण १० किंवा १५ चा असतो. वीसचा लावून बघू म्हणणाऱ्याने आधी वर सांगितलेली खंबाटकीची गोष्ट परत वाचावी.

जुना स्टिरिओ, त्याचे स्क्रू आणि जुनी फ्रेम एका पिशवीत घालून माळ्यावर ठेवलीय, वर पेनाने गाडीचा नंबर. कपलर शाबूत असल्यामुळे तो परत बसवायला मला वीस मिनिटं पुरतील. गाडी विकेन तेव्हा नवा युनिट काढून घेईन आणि तो पुढच्या गाडीत जाईल, फक्त अजून एक कपलर आणि नवी फ्रेम आणायची.